झाडपाला नेसलेला माणूस

पर्यावरण वाचवायचं मनावर घेतलं की माणूस आधी खरेदीला निघतो. त्यानंतर घरातल्या धडधाकट वस्तू बाहेर काढतो. मी क्रम उलटा केला. आधी कपाट रिकामं केलं, मग खरेदीला निघालो, आणि खरेदीला काय घालून जायचं हा प्रश्न पायजम्यावर येऊन थांबला.

कारणीभूत एक व्याख्यान. बँकेतून निवृत्त झाल्यापासून नाशकातलं व्याख्यान मी सहसा चुकवत नाही. पंखा चांगला असतो, आणि विषय कुठलाही असला तरी झोप लागते. त्या दिवशी मात्र लागली नाही. वक्ते कपड्यांवर बोलत होते. पॉलिएस्टर म्हणजे खनिज तेलाचं पोर. ते धुतलं की त्यातून डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात, सांडपाण्यातून नदीत जातात, नदीतून माशात आणि माशातून आपल्यात. मी अंगावरच्या टेरिकॉटच्या शर्टाकडे पाहिलं. आमचं घर गंगापूर रोडला, म्हणजे रामकुंडाच्या वरच्या अंगाला. देशभरातून लोक खाली गोदावरीत पापं धुवायला येतात, आणि वर मी त्याच पाण्यात कित्येक वर्षं पँटी धुऊन सोडत होतो.

सकाळी गल्लीत बोहारीण आली. मी सगळे टेरिकॉट, टेरिलीन आणि लग्नातला सफारी तिच्यापुढे टाकला.

"सुती नगं काका," ती आधीच म्हणाली. "सुती इरतं. त्याला गिऱ्हाईक न्हाई."

"मावशी, सगळं टेरिकॉटच आहे. पण तुम्हाला सांगून ठेवतो, हे कपडे पर्यावरणाला घातक आहेत."

"असू द्या. धुऊन घेऊ."

तिने प्रत्येक पँटचा गुडघा उजेडात धरून पाहिला, शिवण ताणली, सफारीच्या खिशात हात घालून अस्तर बाहेर काढलं आणि शेवटी मला एक गाळणी आणि एक स्टीलचा डबा दिला. डब्याचं झाकण दुसऱ्या डब्याचं होतं.

"ती काय ते कपडे जाळणार आहे?" सौ. म्हणाली. "जुन्या बाजारात विकणार. घेणारा घालणार, त्याची बायको धुणार. गोदावरीला काय फरक पडला?"

"निदान आपल्या मोरीतून तरी जाणार नाही," मी म्हणालो. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला एका खात्यातलं दुसऱ्या खात्यात टाकलं की काम झाल्यासारखं वाटतं.

दुकान कॉलेज रोडच्या बाजूला होतं. नाव सांगत नाही, कारण त्यांचं काही चुकलं नाही, त्यांनी फक्त विकलं. आत गवती चहाचा वास, दारात घंगाळात गुलाबाच्या पाकळ्या, आणि किंमत चटकन दिसू नये अशी चोख व्यवस्था. प्रत्येक कपड्याला जाडसर कागदाचं लेबल. त्या कागदात तुळशीचं बी होतं. लेबल कुंडीत पेरायचं, वर तुळस येणार. (मी सगळी पेरली. गाजरगवत आलं.)

"सर, हा बांबू आहे. हा हेम्प. हे लिनन. आणि हे बनाना," तिथली मुलगी म्हणाली. यापुढे आंबट चुका आणि अंबाडी येणार असं मला वाटलं. अंबाडीच्या खोडाचाही वाख निघतो आणि त्याचे दोर वळतात, तेव्हा तिने अंबाडीची विजार दाखवली असती तर मी तीही घेतली असती.

"साधं सुती नाही का?" सौ.ने विचारलं.

"मॅडम, कॉटन खूप पाणी पितं. एका टी-शर्टला दोन हजार सातशे लिटर."

सौ. वणीची, यवतमाळ जिल्ह्यातली. माहेरी घराच्या ओसरीत कापसाचा ढीग आणि त्या ढिगावर झोपणारी पोरं पाहत ती वाढलेली. "कोण पाजतं?" ती म्हणाली. "आमच्याकडे कापसाला आभाळ पाणी देतं. नाही दिलं तर वर्ष वाया जातं, पण विहीर कुठली आणि मोटार कुठली!" खरं तर २,७०० लिटर हा जगभर फिरणारा सरासरीचा आकडा. कापसाचं देशातलं सर्वांत मोठं क्षेत्र महाराष्ट्रात, आणि त्यातलं बहुतेक कोरडवाहू. पण हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्या मुलीच्या गोड बोलण्यापुढे टिकलं नसतं. मी बांबूचा टी-शर्ट, लिननचा शर्ट, हेम्पची पँट, केळीचं जाकीट आणि खऱ्या निळीत रंगवलेला एक कुडता घेतला. बिल पाहून सौ. काही बोलली नाही. ती फक्त घंगाळातल्या पाकळ्यांकडे बघत राहिली.

बांबूच्या टी-शर्टाला पहिला सुरुंग भाच्याने लावला. तो अंबड एमआयडीसीत केमिस्ट आहे. जेवायला आला होता. मी टी-शर्टाची बाही त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "बघ, बांबू!"

त्याने बाही चिमटीत धरून चोळली. "मामा, हे व्हिस्कोस आहे."

"लेबलवर पानांचं चित्र आहे."

"असणारच. बांबूचा लगदा करायचा, तो कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, त्यात कार्बन डायसल्फाइड घालायचं. दाट पाक तयार होतो. तो बारीक छिद्रांतून सल्फ्युरिक ॲसिडमध्ये सोडला की धागा. बांबूऐवजी निलगिरी घाला, नाहीतर सुरू, शेवटी धागा हाच. आणि नवीनही काही नाही. १८९२ साली तीन इंग्रजांनी याचं पेटंट घेतलंय."

पुढे त्याने वरणभात कालवता कालवता सांगितलं, की त्या कार्बन डायसल्फाइडच्या वाफा वर्षानुवर्षं अंगात गेल्या की कामगारांच्या नसा जातात. ते रसायन बाहेर न सोडता परत धरून वापरणारे कारखाने आहेत, पण कुठला शर्ट कुठल्या कारखान्यातला हे पानाचं चित्र सांगत नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ साली कंपन्यांना बजावलं, की या कापडाला बांबू म्हणू नका, रेयॉन म्हणा, म्हणजे हेच व्हिस्कोस. तरी ऐकेनात, तेव्हा २०२२ साली दोन बड्या दुकानसाखळ्यांना मिळून ५५ लाख डॉलरचा दंड झाला.

"म्हणजे यात बांबू नाहीच?"

"होता. आता नाही. आणि मामा, हा धागा ओला झाला की ताकद निम्म्यावर येते. पिळताना जपून."

टी-शर्ट अंगाला मऊ होता हे मात्र खरं. फक्त प्रत्येक धुण्यात तो खाली उतरत गेला. पहिल्यांदा कमरेला होता, मग मांडीवर आला. मी तो घालून दार उघडलं की कुरिअरवाला "घरात मोठं कोणी आहे का?" असं विचारायच्या बेतात दिसे.

लिननचं काही खोटं नव्हतं. लिनन म्हणजे जवसाच्या खोडाचा वाख. आमच्या घरात जवस म्हणजे चटणी. सौ.चं माहेरचं जवस तेलाचं, बुटकं आणि फांद्याळ. वाखाचं जवस उंच आणि सरळसोट लागतं, ते मुख्यतः फ्रान्स-बेल्जियमच्या किनारपट्टीला होतं. तिथे ते उपटून शेतातच आडवं पसरतात, दवाने खोड कुजू देतात आणि मग वाख सोडवतात. म्हणजे माझ्या शर्टाने माझ्यापेक्षा जास्त जग पाहिलेलं. "आमच्या जवसाची चटणी तरी होते," सौ. म्हणाली, "याचं काय होतं?"

याचं चुरगळणं होतं. लिननच्या धाग्याला ताण-ढील ठाऊक नाही. एकदा दुमडला की दुमडला. नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याने शर्ट हातात घेऊन उलटसुलट केला, पाण्याचे हबके मारले, इस्त्रीत दोनदा कोळसा भरला आणि फुंकून फुंकून लाल केला. धूर आमच्या गल्लीभर. "साहेब, याला साध्या शर्टाचा रेट परवडत नाही," तो म्हणाला, "हा लई कोळसा खातो." पर्यावरणपूरक शर्ट कोळशावर चालतो हे मला तिथे कळलं. तो कडक शर्ट घालून मी सिटी बसने रविवार कारंज्याला गेलो. बसमध्ये बसायला जागा मिळाली, हेच दुर्दैव. उतरल्यावर बँकेतला जुना सहकारी भेटला. त्याने मला आपादमस्तक पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "डिस्चार्ज कधी मिळाला?"

हेम्पच्या पँटचं दुखणं वेगळं. हेम्प म्हणजे भांगेच्या जातीचं झाड. त्याच्या खोडाच्या वाखात नशा नसते. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा पकडतो तो गांजा आणि चरस, म्हणजे शेंड्याचा फुलोरा आणि राळ. हे सगळं मी सोसायटीच्या कट्ट्यावर मोठ्या आवाजात समजावून सांगितलं. पाच वाक्यं बोललो असेन. लोकांच्या लक्षात भांग आणि गांजा एवढंच राहिलं. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी "गुडघेदुखीला चालतं का हो?" असं कानात विचारलं. रात्री जिन्यात एक पोरगा अंधारातून पुढे आला. "काका, माल आहे का?" मी म्हणालो, "पँट आहे." तो समजूतदारपणे हसला आणि म्हणाला, "कळलं. उद्या येतो."

केळीचं जाकीट मी रावेरच्या लग्नासाठी राखून ठेवलं होतं. केळीच्या मुलखात केळीचं जाकीट घालून जायचं, मंडपात चार माणसं गोळा होतील, हा हिशेब. माणसं झाली गोळा. जाकीट इतकं ताठ होतं, की अक्षता टाकायला हात वर केला की सबंध जाकीट वर जाऊन कानांना टेकायचं, आणि त्यामुळे लांबूनही लक्ष जायचं.

"पाहुणे, हे कशाचं?" एका शेतकऱ्याने कापड बोटांत घेऊन विचारलं. त्या बोटांना केळीच्या चिकाचे काळे डाग होते.

"केळीच्या खोडाचं," मी खुलून सांगू लागलो. केळीचं झाड एकदाच घड देतं, घड उतरवला की खोड कापून टाकावंच लागतं, ते वाया जाऊ नये म्हणून यंत्रात घालून त्याचा वाख काढतात. आयुष्य केळीत घालवलेली माणसं हे सगळं फार आदराने ऐकत होती.

"केवढ्याला पडलं?"

मी किंमत निम्मी करून सांगितली. तरी शांतता पसरली. मग त्यातला एक म्हातारा अतिशय मायेने म्हणाला, "नाशिकहून टेम्पो पाठवा. आमच्या बांधावर आजच एवढं पडलंय की तुमची सगळी सोसायटी जाकिटात जाईल."

राहता राहिला निळीचा कुडता, आणि त्याच्यासाठी रंगपंचमी. नाशकात रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला खेळतात, आणि खरा रंग जुन्या नाशकातल्या रहाडींवर. पेशवेकाळापासूनचे हे चौकोनी दगडी हौद. वर्षभर लाकडी ओंडके आणि मातीखाली बुजलेले, वरून रिक्षा जातात, खाली काय आहे ते परगावच्या माणसाला कळतही नाही. पंचमीच्या आधी ते उकरतात, स्वच्छ करतात, पूजा करतात. मग फुलं आणि वनस्पती मोठाल्या कढयांत उकळून रंग काढायचा आणि हौद भरायचा. रहाडीत उडी मारली की 'धप्पा' मारला म्हणतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. शनि चौकाची गुलाबी, तिवंध्याची पिवळी. त्यात भेसळ नाही. दुसऱ्या रंगात न्हालेला माणूस आला, तर त्याच्यावर आधी पाण्याच्या बादल्या रिकाम्या होतात.

माझं तत्त्व असं, की वनस्पतीच्या रंगाच्या उत्सवाला वनस्पतीच्याच रंगाचा कुडता घालून जावं. निळीचं झाड, पळसाचं फूल, एका गोत्राची मंडळी. सौ. म्हणाली, "फाटका बनियन घालून जा." मी बनियन घातला, पण आतून. मेन रोडवरून घेतलेला, साधा सुती, काखेत विरलेला.

तिवंधा चौकात ही गर्दी! ताशांचा दणका, वरच्या खिडक्यांतून बायकांच्या बादल्या, आणि मधोमध ती पिवळीधमक रहाड. मी फक्त बघायला उभा होतो. पण रहाडीच्या काठावर उभं राहून फक्त बघायचं, असं नाशकात होत नाही. "काका, या!" म्हणत कोणीतरी हात धरला, कोणीतरी पाय, आणि माझा धप्पा झाला.

पाण्याच्या वर डोकं काढलं तेव्हा आधी बरं वाटलं. रंग कोमट होता, फुलांचा उग्र वास येत होता. मग लक्षात आलं, की ताशे थांबलेत आणि काठावरचे सगळे माझ्याकडे बघतायत. माझ्याकडे म्हणजे माझ्या भोवती. मी उभा होतो तिथून हिरव्या रंगाचं एक वर्तुळ शांतपणे पसरत होतं.

निळीचं काम चोख असेल तर रंग असा सुटत नाही. धागा निळीच्या पिंपात बुडवायचा, बाहेर काढून हवा लागू द्यायची, हिरवटाचा निळा होऊ द्यायचा, पुन्हा बुडवायचा, आणि शेवटी वरचा मोकळा रंग निघेपर्यंत धुवायचं. माझ्या कुडत्याला हे शेवटचं धुणं लाभलं नव्हतं. ते आता तिवंध्याच्या रहाडीत, जनसमुदायासमोर चालू होतं.

"अरे, बाहेर काढा त्यांना!" एक दणकट पोरगा ओरडला. "पिवळ्याचा पोपटी करतायत!"

"नैसर्गिक आहे!" मी ओरडलो. "वनस्पतीजन्य आहे!"

"काका, आमचंही वनस्पतीचंच आहे," तो म्हणाला, "पण उतरत नाही."

मला बगलांत धरून वर काढलं. रहाडीचा मान राखण्यासाठी कुडता तिथेच उतरवला गेला, आणि मी विरलेल्या बनियनवर, पिवळाजर्द, दहीपुलावरून चालत निघालो. ओळखीचे बरेच भेटले. त्यातल्या कुणीही मला ओळख दिली नाही. कुडता हातात होता. त्यावर निळा, पिवळा आणि हिरवा अशा तिन्ही पक्षांचं संयुक्त सरकार आलं होतं.

आंघोळींनी माझा रंग हळूहळू गेला. बनियनचा गेला नाही. सोड्यात घातला, उन्हात टाकला, आपटला. पिवळा तो पिवळाच. स्वस्तातला तो बनियन पळसाचा रंग असा धरून बसला, की कॉलेज रोडच्या दुकानातली ती मुलगी असती तर तिने त्याला बियांचं लेबल लावलं असतं.

मग एका रविवारी सौ.ने माझा सगळा झाडपाला पलंगावर मांडला आणि कात्री घेतली. मला वाटलं राग काढतेय. पण ती निकाल लावत होती. आमच्या घरात कुठल्याही कपड्याचा शेवटचा दर्जा ठरतो तो त्याचं फडकं कसं होतं यावर. लिननची बाही तिने ओली करून पिळली, काचेचा पेला पुसला, पेला उजेडात धरला. एक धागा चिकटला नव्हता. "हे उत्तम," ती म्हणाली, "भांडी पुसायला. चुरगळलेलं चालतं." बांबूचा टी-शर्ट ओट्यावर ओला फिरवला तर चरचर फाटत गेला. भाच्याचं केमिस्ट्रीचं शिक्षण आमच्या ओट्यावर सिद्ध झालं. लिनन आणि सुती धागा ओला झाला की उलट बळकट होतो, म्हणून तर ते पिढ्यान्‌पिढ्या आपटून धुतले जातात. हेम्पची पँट अजून पंधरा वर्षं फडकं होणार नाही असं तिचं मत पडलं, सबब ती घालायची परवानगी मिळाली. केळीच्या जाकिटाचा एक तुकडा तवा घासायला गेला आणि तारेच्या घासणीपेक्षा सरस ठरला.

"आणि तुमच्या त्या टेरिकॉटचं तर फडकंही होत नाही," ती म्हणाली. "पाणी ओढतच नाही. पण घालायला ते अजून दहा वर्षं टिकलं असतं. तेवढी वर्षं घातलं असतंत, तर हे सगळं घ्यावंच लागलं नसतं." मी बोहारणीच्या डब्याकडे पाहिलं. झाकण तेव्हाही बसत नव्हतं.

परवा भाच्याच्या लग्नासाठी शर्ट घ्यायला आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. मुलगी तीच होती. तिने मला ओळखलं, पाणी दिलं आणि एक नवा शर्ट उलगडला. "सर, हा कमळाच्या देठाचा. अगदी एक्स्क्लुझिव्ह."

मी कापड हातात घेतलं, चोळलं, उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "याचं फडकं कसं होईल?"

तिने मॅनेजरला बोलावलं.